सोयऱ्याच्या दारातलं इंजिन

कसबा बावडा
१ सप्टेंबर १९९७

आयुनी. निशाआक्का हिला,
धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

इकडं आईचा गुडघा सोडला तर सगळं खुशाल हाय. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला म्हणून लगेच गाल फुगवून बसू नको. नऊ वर्षं दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला स्टेअरिंग समोर असल्याशिवाय काही सुचत न्हाई. आत्ता पण केबिनमध्येच बसलोय. अक्षर नाचलं तर समजून घे.

बातमी वाईट हाय आणि चांगली पण हाय. वाईट अशी की मालकानं धंदा आवरला. दोन्ही गाड्या विकल्या, दसऱ्यापर्यंत दुसरं बघ म्हणाला. त्यात तुझ्या भावजयीला सातवा महिना. चांगली अशी की ह्या हंगामाला कारखाना ऊस वाहायला नवीन गाड्या घेतोय. पण गाडी स्वतःच्या नावावर पायजे आणि दसऱ्यानंतर आवारात आणून उभी करायला पायजे. मी नाव घालून आलोय. आप्पांनी त्यांचा फंड काढून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले की हे एकदाच हाय, चुकलास तर दुसऱ्यांदा देवाजवळ पण न्हाई. देव मानत न्हाईत, तरी असं बोलले, म्हंजे बघ.

तर संघर्षदाजी परवा बाजारात भेटले. तुझे सासरे केरबामामा ट्रक विकणार हायेत म्हणाले. मी म्हणलं, मग बाहेर कशाला, आमीच घेतो! घरातली गाडी, दाजींच्या हाताखालची. आईला लई आनंद झाला. फक्त आप्पा अडून बसले. एकोणतीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपला इंजिनं पास-नापास केलेला माणूस तो. म्हणाले की जुनी गाडी बघायची ती पहाटे, इंजिन गार असताना. मालकानं आधीच तापवून ठेवलेली गाडी म्हंजे पावडर फासून दाखवायला बसवलेली नवरी. आईनं डोळे वटारले. लेकीच्या सासरी जाऊन बॉनेट उघडायचं म्हंजे सोयऱ्यानं वाढलेल्या ताटात केस शोधायचा, असं कुणी करतं व्हय, म्हणाली. आप्पा म्हणाले इंजिनाला सोयरं कळत न्हाई. दोघांची अशी जुंपली म्हणतेस, जाळ नि धूर संगटच!

आमी रविवारी २१ तारखेला येतो. किती वाजता यायचं ते मामांना विचारून कळव. तुझ्या सासूबाई आत्तींना जयभीम सांग, श्रुतीला मामाचा पापा.

माया पातळ करू नकोस.
तुझा भाऊ,
प्रसेन


जयसिंगपूर
८ सप्टेंबर १९९७

चि. प्रसेनजीत यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझे पत्र पोचले. मामांनी ते सर्वांना वाचून दाखवले. सर्वांना आनंद झाला. गाडीबद्दल मामा सांगतात ते लिहिते. गाडी सत्त्याऐंशी सालची, सुरुवातीपासून एकाच हातातली आहे. दोन वर्षांपूर्वी पूर्ण इंजिनकाम झाले आहे. आता रंगही नवा दिला आहे. सेल मारला की एका झटक्यात चालू होते. बाहेरची गिऱ्हाइके आली होती, पण घरची वस्तू घरात राहावी म्हणून मामांनी त्यांना परत पाठवले.

रविवारी दुपारी बारा वाजता जेवायलाच या. सकाळी लवकर निघायची दगदग करू नका, आप्पांचे वय झाले आहे, असा मामांचा निरोप आहे. आत्ती मटणाचा बेत करणार आहेत. श्रुती अंगणवाडीत जाते. तिला आता सहापर्यंत आकडे येतात, चार मात्र विसरते.

मामा बाजारात निघालेत, पत्र तेच टाकतील, म्हणून आवरते. आईला गुडघ्याला शेकायला सांग.

आठवण ठेवावी.
तुझी आक्का,
निशा


जयसिंगपूर
१० सप्टेंबर १९९७

आयु. आप्पा यांस,
लेकीचा सविनय जयभीम, वि. वि.

आप्पा, हे पत्र एकट्यानं वाचा आणि चुलीत घाला. आईला दाखवू नका. प्रसेनला तर अजिबात नको, तो तापट आहे, तडक इथं येऊन उभा राहील. आमच्या घरात येणारं आणि घरातनं जाणारं प्रत्येक पत्र मामांच्या हातातनं जातं. म्हणून हे मी अंगणवाडीत पोरांच्या गलक्यात बसून लिहितेय. इथल्या शालूबाई भल्या आहेत. उत्तर त्यांच्या नावानं पाठवा.

परवा प्रसेनला लिहिलं ते सगळं खोटं आहे. मामा शेजारी बसून सांगत होते आणि मी लिहीत होते. आप्पा, ती गाडी घेऊ नका.

चैत्रात हे गुळाचा लोड घेऊन रत्नागिरीला निघालते. आंबा घाटात रेडिएटरचा पाइप फुटला आणि सगळं पाणी गेलं. थांबायचं सोडून ह्यांनी गाडी तशीच रेटली, माल वेळेत पोचायला पाहिजे म्हणून. इंजिन पेटायचंच बाकी राहिलं. तेव्हापासून पाणी ऑइलात उतरतंय. सांगली रस्त्याच्या मिस्त्रीनं बघितलं. तो म्हणाला, इंजिनाच्या हेडला चीर गेलीय, रिकामी फिरवा कुठंही, पण भरलेली गाडी ह्यावर चालवली तर एक दिवस इंजिन वाटेतच जाम होऊन धरणार. मी भाकरी थापत होते, सगळं कानावर पडलं.

आता रविवारचा बेत ऐका. सकाळी नऊला जुनं ऑइल काढून नवं जाड ऑइल घालायचं. दहाला गाडी चालू करून तापवायची. बाराला तुम्ही जेवायला. नवं ऑइल स्वच्छ दिसेल, तापलेलं इंजिन पटकन चालू होईल, आणि जाड ऑइलानं ठोके दबतील. मामा म्हणाले की एवढं पण करायची गरज न्हाई, सोयरा हाय, लाजंनं मरंल पण लेकीच्या दारात बॉनेट उघडणार न्हाई. त्यावर सगळे हसले. आप्पा, मी पण हसले. हसावं लागलं. नंतर मोरीत जाऊन तोंड धुतलं, पण माझी मलाच किळस येत होती.

मी सांगितलं हे कळलं तर काय होईल तुम्हाला माहीत आहे. श्रुती तान्ही असताना शेजारणीजवळ एक शब्द बोलले, तर दोन महिने मला बावड्याला आणून टाकलं होतं. पोर अंगावर पीत होती म्हणून माझ्यासंगं पाठवली. परत आणताना मामांनी बजावलंय, पुन्हा घरातलं बाहेर गेलं तर तू एकटी जायचं, पोरगी आमची. इकडं भाऊ बुडतोय आणि तिकडं पोर जातेय. मी काय करू ते तुम्हीच सांगा.

मला एकच सुचतंय. काहीतरी निमित्त काढून पहाटे या. ऑइल बदलायच्या आत. तुमच्या डोळ्यांनी बघा. मग तुम्ही नको म्हणालात तर ती तुमच्या हाताची पारख होईल. माझं नाव कुठं येणार नाही. आप्पा, नाव येऊ देऊ नका.

पदरात घ्या.
तुमची,
निशा


कसबा बावडा
१५ सप्टेंबर १९९७

चि. निशा हिला,
बापाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. तुझ्या आईनं विचारलं काय जाळताय. मी म्हणलं, विडीचं पुडकं, आजपासनं सोडली. आता तिच्यादेखत ओढता येईना, तुझ्या पायी विडी पण सुटली बघ.

घाबरू नको असं लिहिणार होतो. पण मीच घाबरलोय, तर तुला कुठल्या तोंडानं सांगू. केरबा पावणा असा निघंल वाटलं नव्हतं. अगं, गाडी खराब हाय म्हणून सांगितलं असतं तर मीच येऊन दुरुस्त करून दिली असती की.

मी पहिल्या एस.टी.नं येतो. संध्याकाळी विहारात बैठक हाय, दुपारी परत फिरायचंय, असं निमित्त करतो. प्रसेनला पण तेच सांगणार. सव्वासहाला तुझ्या दारात. तुला धीर यावा म्हणून मी काय करणार ते लिहितो. एकदम इंजिनाला भिडायचं नसतं. आधी टायर बघायचं, मग खालचे स्प्रिंगचे पाटे. मालकाला वाटतं, म्हातारं टायरच चाचपतंय, त्यो ढिला पडतो. मग बॉनेटवर तळवा ठेवायचा. कोमट लागलं तर समजायचं, आधीच तापवलंय. ऑइलची पट्टी ओढायची ती हे सगळं झाल्यावर, बोलत बोलत, सहज. आल्या आल्या पट्टीला हात घातला की मालक ओळखतो, ह्याला कुणीतरी सांगितलंय. मग सेल मारायला लावायचा आणि आपण मागं धुराच्या नळीपाशी जायचं. काळ्या धुराला मी भीत न्हाई. निळा म्हंजे ऑइल जळतंय. पण पांढरा धूर निघाला आणि थांबायचं नावच घेईना, तर तो पाण्याचा. गार इंजिनाला तो लपत न्हाई.

मी पट्टीबद्दल तोंडच उघडणार न्हाई. धुरावरच नापास करतो. धूर साऱ्या गल्लीला दिसंल, त्यात तुझं नाव कुठनं येतंय? तू फक्त चुलीपुढनं हलू नको आणि माझ्याकडं बघू नको.

जेवत जा. श्रुतीला चार शिकव.

जीव सांभाळ, एवढंच मागतो.
तुझा बाप,
गणपती


जयसिंगपूर
२३ सप्टेंबर १९९७

आयु. आप्पा यांस,
सविनय जयभीम.

आप्पा, तुम्ही हे काय केलं? दोन दिवस झाले, आज अंगणवाडीत बसून लिहायला मिळालं.

तुम्ही दारात आलात. चपला काढल्या नाहीत, आत्तींनी आणलेलं पाणी घेतलं नाही, टायरकडं बघितलं नाही. तडक बॉनेट उघडलं आणि पट्टी ओढली. तुम्हीच लिहिलं होतं ना आप्पा, एकदम भिडायचं नसतं म्हणून? चाकाजवळ नव्या ऑइलचा डबा तसाच होता, अजून फोडलेला पण नव्हता. मामा मिसरी लावत उभे होते. त्यांनी तुमच्याकडं बघितलंच नाही. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं, माझ्याकडं. मग हसत सगळ्यांना म्हणाले की आमच्या घरातला कावळा पार बावड्यापर्यंत ओरडायला लागलाय, त्याची मान मुरगळली पाहिजे. आणि झोपलेल्या श्रुतीला उचलून खांद्यावर घेतली. म्हणाले, पोरगी आता आजाजवळ झोपते, आईवाचून तिचं काही अडत न्हाई.

मला दारातनं पट्टी दिसत होती. दुधाचा चहा असावा तसं ऑइल होतं. तुम्हाला दिसलं नाही असं होणार नाही. तुम्ही श्रुतीकडं बघितलं. पट्टी धोतराला पुसली, परत खोचली, सेलसुद्धा मारायला लावला नाही आणि गल्लीतली वीस माणसं उभी असताना सांगितलं की इंजिन झकास हाय. प्रसेननं तुम्हाला मिठी मारली. मी आत आले आणि परातीतल्या पिठात तोंड खुपसून रडले.

विसार देऊन गेलात. गाडी दसऱ्याला न्यायची ठरली. अजून वेळ आहे, सौदा मोडा. माझं काय व्हायचं ते होऊ दे. असं लिहिते आणि शेजारी श्रुती आकडे म्हणायला लागली की वाटतं, फाडून टाकावं हे पत्र. फाडत नाही. मोडा, आप्पा. प्रसेनच्या घरात लेकरू यायचंय.

तुमचीच,
निशा


कसबा बावडा
२९ सप्टेंबर १९९७

चि. निशा हिला,
आशीर्वाद.

तू लिहिलंस ते खरं हाय. चूक माझी. तुझं ते पहिलं पत्र आल्यापासनं माझ्या डोळ्यापुढं नुसती ती पट्टीच. झोपलो तरी पट्टी, जेवायला बसलो तरी पट्टी. तुझ्या दारात पाय ठेवला आणि हात आपसूक तिकडं गेला. एवढी वर्षं काम केलं आणि नवख्या पोरागत फसलो. पट्टी हातात आल्यावर माझ्या ध्यानात आलं, तवा केरबा तुझ्याकडं बघत होता.

मग मी काय करायला पायजे होतं? नापास म्हणलो असतो तर त्यानं तुझं नाव घेतलं असतं. वर्कशॉपला असताना साहेब चिडले, फेऱ्या रद्द झाल्या, प्रवाशांनी शिव्या घातल्या, पण खराब गाडी मी गेटाबाहेर सोडली न्हाई. त्या रविवारी सोडली. ती पण पोटच्या पोराच्या गळ्यात बांधली. घरी आल्यावर त्यो पेढे वाटत फिरला. मला एक दिला, मी खिशात ठेवला.

सौदा मोडायचा न्हाई. आता मोडला तर केरबाला पुरावाच मिळतोय. माझं ठरलंय. दसऱ्याला गाडी आली की दुसऱ्या दिवशी मी इंजिन उतरवतो. हेड नवीन बसवतो, लायनर बदलतो. हात अजून चालतात. हंगाम लागायच्या आत गाडी उभी करतो. प्रसेनला काय सांगायचं ते माझं मी बघतो.

तू गप बसायचं. माझी शपथ हाय. काही झालं, कुणी काही बोललं, तरी तोंड उघडायचं न्हाई. भीड भिकेची बहीण म्हणतात ते मला कळतंय, पण पोर तुझ्याजवळ हाय, मला तेवढं बास हाय.

काळजी करू नको म्हणत न्हाई, थोडी कमी कर.
गणपती


कसबा बावडा
१७ नोव्हेंबर १९९७

आयुनी. निशाआक्का हिला,
जयभीम.

पोरगी झाली, हे तुला कार्डानं कळवलंच होतं. बाळ-बाळंतीण बरी हायेत. माझं बरं न्हाई.

आक्का, मी बुडालो. गाडी नवं ऑइल घालून दसऱ्याला घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी आप्पा म्हणाले, इंजिन खोलायचं. मी विचारलं, का? तर म्हणाले, खोलायचं म्हंजे खोलायचं. आता सांग, वीस माणसांत झकास हाय म्हणून सांगितलेलं इंजिन तीन आठवड्यांत का खोलायचं? कारखान्याच्या आवारात गाडी उभी न्हाई केली तर माझा नंबर गेला असता. मी कितीदा विचारलं, तर उठले. किल्ली नेऊन तांदळाच्या डब्यात लपवली. मला वाटलं, म्हाताऱ्याला वयामुळं खूळ लागलं. डबा पालथा केला, किल्ली घेतली आणि निघालो.

पहिला आठवडा बरा गेला. आठ तारखेला राधानगरीकडनं दहा टन ऊस भरून येत होतो. चढाला इंजिननं धरलं. धाडकन आवाज झाला आणि आतला रॉड इंजिन फोडून बाहेर आला. मूठ जाईल एवढं भोक पडलं, सगळं ऑइल रस्त्यावर, आणि ऑइल कसलं, नुसता चिखल. हे रिपेर होणारं न्हाई. ऊस दोन दिवस रस्त्याकडंला वाळला. कारखान्यानं माझं नाव कमी केलं, त्यांचं पण काय चुकलं म्हणा. मी परत दुसऱ्याच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून जातोय, ते पण बोलावलं तर.

मी आप्पांना वर्कशॉपच्या चहाच्या टपरीवर, त्यांच्या सगळ्या दोस्तांसमोर बोललो. तुमचं डोळं गेलं, हात गेलं, आणि मला घेऊन बुडालात म्हणलं. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, व्हय, वयामानानं दिसलं न्हाई. एवढंच. त्या दिवसापासनं ते टपरीवर जात न्हाईत. गाडी दाखवायला लोक घरी यायचे, ते पण थांबले. मी त्यांच्याशी बोलत न्हाई. त्या फुटक्या इंजिनाचे नट रॉकेलात धूत बसतात दिवसभर. त्यांच्याकडं बघून राग येतो आणि रडू पण येतं.

तुझ्या सासऱ्यांना मी दोष देत न्हाई. त्यांनी वस्तू पुढं ठेवली, आमच्याच माणसानं पास केली.

मन कशातच न्हाई, म्हणून इथंच थांबतो.
प्रसेन


जयसिंगपूर
२२ नोव्हेंबर १९९७

चि. प्रसेन यास,
आशीर्वाद व जयभीम.

हे पत्र मी सोप्यात सगळ्यांसमोर बसून लिहितेय. मामा, आत्ती, हे, तिघंही समोर आहेत. लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवणार आहे, मग पेटीत टाकणार.

तुझं पत्र मामांनी नेहमीसारखं वाचलं. सासऱ्यांना दोष देत नाही, ही ओळ आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि आत्तींना म्हणाले, पोरगं समजूतदार हाय, म्हातारंच कामातनं गेलंय. कढईत भाजी होती. ती मी तशीच करपू दिली आणि बाहेर आले. मला ते ऐकून घेता येईना.

प्रसेन, आप्पांचे डोळे गेले नाहीत. पट्टी ओढली त्या क्षणी त्यांना सगळं दिसलं होतं. त्याच्याही आधी माहीत होतं, कारण मी चोरून कळवलं होतं. चैत्रात आंबा घाटात ह्यांनी पाण्याविना गाडी चालवली, तेव्हाच इंजिन गेलं होतं. हे ह्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. आप्पा नापास म्हणणारच होते. पण मी सांगितलंय हे मामांनी ओळखलं आणि श्रुतीला खांद्यावर घेऊन उभे राहिले. माझी पोर माझ्याकडनं जाऊ नये म्हणून आप्पा खोटं बोलले. नंतर इंजिन खोलायला धडपडत होते ते तुझ्यासाठी. कारण सांगता येईना, कारण मीच त्यांना म्हणाले होते, प्रसेनला सांगू नका.

ज्या माणसाच्या शब्दावर कोल्हापुरात गाड्या विकल्या जात होत्या, त्यानं चार माणसांत आपल्याला दिसलं नाही म्हणून सांगितलं. तू बोललास, तुझी चूक नाही, तुला काय माहीत. चूक माझी आहे. मी खरं सांगितलं, पण लपून सांगितलं आणि त्याचं ओझं म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. त्यांनी मला गप बसायची शपथ घातली होती, ती मी मोडली. तू आत्ता उठ आणि त्यांच्याजवळ जाऊन बस. तुझ्यावर रागावतील असं वाटत असेल तर वाटू दे, पण जा.

तुझी आक्का,
निशा

ता. क. वाचून झालं. हे उठून बाहेर गेले. मामा म्हणाले, उद्या उजाडायच्या आत चालती हो, पोरगी इथंच राहील. मी सांगितलं, पोरीला सोडून उंबरा ओलांडणार न्हाई, बाहेर टाकायचं असेल तर दोघींना टाका, गल्लीदेखत टाका. आता बाहेरच्या दाराला कडी घातलीय. खिडकीतनं शालूबाईंना हाक मारलीय, पत्र त्यांच्या हातात देते. श्रुती माझा पदर सोडत न्हाई. तोंडानं बोलले खरी, पण मला लई भ्या वाटतंय रे. किती दिवस असं बसायला जमंल, मला म्हाईत न्हाई.


कसबा बावडा
२६ नोव्हेंबर १९९७
(पोस्टकार्ड)

आयु. केरबा पावणं यांस,
गणपती मिस्त्रीचा जयभीम, वि. वि.

कार्ड मुद्दाम उघडं पाठवतोय. पोस्टमन वाचंल, गल्ली वाचंल. वाचू दे.

२१ सप्टेंबरला तुमच्या दारात वीस माणसांत मी सांगितलं की इंजिन झकास हाय. ते खोटं होतं. माझा शेरा दुरुस्त करून घ्या. ऑइलात पाणी. हेडला चीर. माल वाहायला नालायक. नापास. तुमच्या भिडेनं आणि नात आईपासनं तोडाल ह्या भ्यानं मी तवा गिळलं.

काल प्रसेननं मला हाताला धरून टपरीवर नेलं आणि हेच सगळ्या मिस्त्र्यांना सांगितलं. सांगताना पोरगं हुंदके देत होतं. तुमचं नाव त्यानं घेतलं. मी अडवलं न्हाई.

रविवारी ३० तारखेला पहिल्या एस.टी.नं मी, प्रसेन आणि पोरांची आई येतोय. गाडीबद्दल बोलायला येत न्हाई, तिचं आमी बघून घेऊ. निशाला आणि श्रुतीला न्यायला येतोय. दोघींना. सव्वासहाला दाराची कडी काढलेली असू दे. जेवणाचा बेत करू नका, चहा पण ठेवू नका. दोघी बाहेर येईपर्यंत आमी दारात उभं राहणार, कितीही वेळ लागला तरी.

आजवर दर पत्राला तुमच्याजवळ लोभ मागत आलो. ह्या कार्डात मागत न्हाई.

गणपती